नवे डाएट सुरू करण्यापूर्वी: आहारातले फॅड आणि खरा सल्ला वेगळा कसा ओळखावा

चार वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री अडीचच्या सुमारास आईने मला हाक मारली. मी खोलीत गेले तेव्हा तिचा गाऊन घामाने भिजलेला होता, हात थरथरत होते आणि ती माझ्याशी बोलताना शब्द शोधत होती. घरात ग्लुकोमीटर होता म्हणून लगेच बोटाला टोचून पाहिले, तर साखर ५२ निघाली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तिला पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, आकडा ७१ वर आला, आणि मग तिला दूध-पोळी खाऊ घातली. सकाळी चौकशी केली तेव्हा कळले की भजनी मंडळात आलेल्या एका मेसेजप्रमाणे ती पाच दिवस संध्याकाळी सहा वाजता दुधीचा रस पिऊन रात्रीचे जेवण सोडत होती. ‘२१ दिवसांत मधुमेहातून मुक्ती’ असे त्या मेसेजचे शीर्षक होते. जेवण सुटले होते, पण साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेमाने चालू होती.

आमच्या डॉक्टरांनी तिला रागावले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “मावशी, जेवण बदललं की गोळीही बदलावी लागते, हे त्या मेसेजमध्ये कुठे लिहिलं होतं का?”

त्या वर्षी माझा स्वतःचा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आला होता, म्हणजे मीही मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते, आणि वर्षभरात मी तीन वेगवेगळी डाएट्स करून सोडली होती. आईच्या त्या रात्रीनंतर मी ठरवले की आहाराचा कोणताही सल्ला आधी तपासायचा आणि मगच स्वयंपाकघरात आणायचा. तपासणीची ती पद्धत मी पुढे टप्प्याटप्प्याने मांडली आहे. मी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ नाही. त्यामुळे कोणी काय खावे हे मी सांगणार नाही. समोर आलेल्या सल्ल्याला कोणते प्रश्न विचारावेत, एवढेच मला सांगायचे आहे.

सुरुवातीला हाताशी काय असावे

- गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट: उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड. सगळे नसतील तर आहेत तेवढे.
- चालू औषधांची यादी, मात्रेसह. आयुर्वेदिक काढे, चूर्णे आणि दुकानातून आणलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्याही त्यातच लिहाव्यात.
- शिंप्याची मोजपट्टी आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा.
- एक वही, जिच्यात सलग सात दिवसांचे खाणे लिहिलेले असेल. चहा, बिस्किटे, कोणी हातावर ठेवलेला पेढा, सगळे.
- मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ग्लुकोमीटर.

वही सर्वांत महत्त्वाची आहे. ती न लिहिता कोणतेही डाएट सुरू केले तर काय बदलले हे कधीच कळत नाही, कारण आधी काय होते तेच माहीत नसते.

१. आधी स्वतःची स्थिती कागदावर मांडा

सल्ला चांगला की वाईट, हा प्रश्न नेहमी ‘कोणासाठी’ या शब्दाला जोडूनच विचारावा लागतो. त्यासाठी स्वतःचे दोन आकडे काढा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, पाश्चात्य तक्त्यांमधले २५ आणि ३० हे आकडे आपल्याला लागू करत नाहीत. दुसरा आकडा कमरेचा घेर. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. हातपाय बारीक आणि पोट सुटलेले, अशी ठेवण आपल्याकडे फार दिसते, आणि अशा माणसाचे वजन ‘नॉर्मल’ असले तरी घेर धोका दाखवतो.

यानंतर औषधांची यादी समोर ठेवा. पुढीलपैकी काहीही लागू असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवणाच्या वेळा, प्रमाण किंवा प्रकार यांत मोठा बदल करू नका.

इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांनी जेवण टाळले की साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते, जसे आईचे झाले. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी पोळी-भात जवळजवळ बंद करणारे कीटोसारखे डाएट केले तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन नावाची आम्ले साठून जीवावर बेतू शकते. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असताना पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवले किंवा बंद केले तर व्हिटॅमिन के मुळे औषधाचा परिणाम बदलतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना भाज्यांचे रस आणि शहाळ्याचे पाणी यांतले पोटॅशियम त्रासदायक ठरू शकते, आणि प्रथिनांच्या पावडरीही त्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. गरोदर आणि स्तनदा माता, वाढीच्या वयातली मुले आणि पूर्वी खाण्याचे मानसिक विकार झालेल्या व्यक्ती यांनी तर कोणत्याही प्रकारचे उपाशी राहण्याचे प्रयोग करू नयेत.

सल्ला देणाऱ्याने तुम्हाला यांपैकी एकही गोष्ट विचारली नसेल, तर तो सल्ला तुमच्यासाठी दिलेला नाही. तो कोणासाठीही दिलेला नाही.

२. दावा एका वाक्यात लिहा आणि त्याचे गणित करा

व्हिडिओ पाहताना किंवा व्याख्यान ऐकताना दावा पटत जातो. तोच वहीत एका वाक्यात लिहिला की निराळा दिसतो. उदाहरणार्थ, ‘सात दिवसांत सात किलो वजन कमी’.

एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. सात किलो म्हणजे जवळपास ५४,००० कॅलरी. बैठे काम करणारा माणूस दिवसाला साधारण २००० कॅलरी खर्च करतो, म्हणजे आठवड्याला १४,०००. त्याने सात दिवस तोंडात घासही घातला नाही तरी हिशोबाने दोन किलो चरबीसुद्धा जळत नाही. मग काट्यावर चार-पाच किलो कमी दिसतात ते कशामुळे? आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन या रूपात चार-पाचशे ग्रॅम कर्बोदके साठलेली असतात आणि त्यांच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. पोळी-भात बंद केला की पहिल्या काही दिवसांत हा साठा पाण्यासह उतरतो. आतड्यांतला अन्नाचा भार कमी होतो, मीठ कमी गेल्यामुळे आणखी पाणी जाते, आणि काही प्रमाणात स्नायूही झिजतात. पुन्हा जेवायला लागल्यावर आठवड्यात वजन परत येते आणि माणूस स्वतःच्या मनोनिग्रहाला दोष देत बसतो. माझ्या पहिल्या डाएटनंतर मी दोन महिने तेच केले, आणि त्या अपराधी भावनेने माझे नुकसान वजनापेक्षा जास्त केले.

‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण आपल्याकडे उगाच रुजलेली नाही. महिन्याला दोन किलोंच्या आसपास वजन उतरणे हा अनेकांसाठी व्यवहार्य वेग आहे. त्यापेक्षा फार वेगाचे आश्वासन असेल तर ते कोणाच्या देखरेखीखाली, हे विचारावे.

गणिताबरोबर शरीरक्रियेचीही एक सोपी चाचणी घेता येते. ‘शरीर अल्कलाइन करा’ असे सांगणारा सल्ला घ्या. रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कलाइन आहे हे सांगणारा आकडा, ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसे आणि मूत्रपिंडे मिळून राखत असतात, लिंबूपाणी प्याल्याने किंवा न प्याल्याने तो सरकत नाही. ‘डिटॉक्स’ करणारा रस कोणते विष बाहेर काढतो, हे त्या विषाचे नाव घेऊन कोणी सांगत नाही. नको असलेली द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रोज करतात, आणि ती बिघडली असतील तर रस नव्हे, दवाखाना लागतो.

३. पुरावा मागा, अनुभव नव्हे

हा टप्पा सर्वांत अवघड आहे, कारण अनुभव सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. शेजारच्या काकांची साखर खरोखरच उतरलेली असते. पण त्याच महिन्यात त्यांनी फिरायला सुरुवात केलेली असते, फरसाण सोडलेले असते, गोळीची मात्रा वाढलेली असते, आणि ज्यांना फायदा झाला नाही ते सभेत उभे राहून बोलत नाहीत. म्हणून पुराव्याचा अर्थ असा घ्यावा: सारख्या स्थितीतल्या बऱ्याच लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाला हा आहार दिला, दुसऱ्याला नेहमीचा किंवा वेगळा सल्ला दिला, आणि महिने-वर्षे थांबून दोन्हींची तुलना केली.

महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी ‘दिवसातून दोनदाच जेवा’ आणि ‘दर दोन तासांनी थोडे थोडे खा’ अशा दोन सल्ल्यांवरून घराघरांत दोन तट पडले होते. आमच्याकडे भाऊ एका बाजूला आणि वहिनी दुसऱ्या बाजूला होती, जेवायच्या वेळा जुळेनात. मला स्वतःला त्या वादात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते: दोघेही किती आणि काय खातात याकडे कोणी पाहत नव्हते, सगळी चर्चा घड्याळाची चालली होती. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर केलेला एक प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरींचा आहार होता, पण एका गटाने तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच घ्यायचा होता. दोन्ही गटांचे वजन उतरले, आणि वेळेच्या बंधनामुळे वेगळा म्हणावा असा लाभ दिसला नाही. याचा अर्थ वेळ पाळणे वाईट असा नाही. ज्याला वेळ पाळल्याने रात्रीचे अवांतर खाणे टाळता येते त्याने जरूर पाळावी. मात्र दोन जेवणांमध्ये काही गूढ शक्ती आहे असे मानण्याचे कारण नाही.

कडक आहार म्हणजे फॅडच, असेही समजू नये. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या प्रयोगात टाइप दोन मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्सुलिनवर नसलेल्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम साडेआठशे कॅलरींचा द्रव आहार दिला गेला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. दोन वर्षांनी ४६ टक्क्यांचा आकडा ३६ टक्क्यांवर आला. यात तीन गोष्टी लक्षात घ्या. रुग्ण निवडून घेतले होते, औषधे वैद्यकीय देखरेखीखाली बंद केली होती, आणि कमी होत गेलेला आकडाही संशोधकांनी प्रसिद्ध केला. मेसेजमधली ‘मधुमेहमुक्ती’ नेमक्या याच तीन गोष्टी गाळते.

कीटो डाएटचा इतिहासही असाच आहे. १९२० च्या दशकात अपस्माराचे (फेफऱ्याचे) झटके आटोक्यात आणण्यासाठी तो आहार वापरात आला आणि औषधांनी न थांबणाऱ्या झटक्यांसाठी, विशेषतः लहान मुलांमध्ये, तो आजही देखरेखीखाली दिला जातो. एका आजारावरचा उपचार सर्वांसाठीची जीवनशैली म्हणून विकला गेला की त्याचे फॅड होते. रक्तगटाप्रमाणे आहार या कल्पनेची गोष्ट याहून सरळ आहे. टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये १४५५ जणांची माहिती तपासली, तेव्हा काही आहार काहींना उपयोगी पडल्याचे दिसले, पण त्या उपयोगाचा रक्तगटाशी संबंध आढळला नाही.

आणि ज्यांना ‘भारतीयांवर काही झालेय का’ असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी चेन्नईचा प्रयोग महत्त्वाचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली आले. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना आहार आणि चालण्याबद्दल सतत मार्गदर्शन मिळत राहिले त्यांच्यात हे प्रमाण ३९ होते. त्या सल्ल्यात कोणतेही नवल नव्हते: साखर आणि तेल आटोक्यात, तंतुमय पदार्थ अधिक, रोज अर्धा तास भरभर चालणे. हे वाचल्यावर मी माझे चौथे डाएट शोधणे थांबवले.

४. सांगणारा कोण आणि तो विकतो काय, हे पाहा

आहारतज्ज्ञाने पोषणशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असावे. ‘आरडी’ म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही पात्रता इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या परीक्षेतून मिळते. ‘न्यूट्रिशन कोच’, ‘वेलनेस कन्सल्टंट’ ही बिरुदे दोन दिवसांच्या शिबिरानंतरही लावली जातात. विचारायला संकोच करू नका, ज्याने शिक्षण घेतले आहे त्याला सांगताना अवघड वाटत नाही. परवडण्याचा प्रश्न असेल तर अनेक मोठ्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत आहार विभाग असतो. तिथे बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर आहारतज्ज्ञांना भेटता येते का, याची चौकशी करा. मी तसेच केले.

त्याआधीच्या वर्षी मात्र मी आमच्या भागातल्या एका ‘न्यूट्रिशन क्लब’मध्ये जात होते. सकाळी सातला वजन करायचे, टाळ्या वाजवायच्या, पावडरीचा शेक प्यायचा. वातावरण इतके आपुलकीचे होते की महिन्याला साडेपाच हजार रुपये जातात हे मला तिसऱ्या महिन्यात जाणवले. शेक बंद करून घरचे काय खावे, हे मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मला नवा डबा दाखवण्यात आला. तेव्हापासून मी हा प्रश्न कसोटी म्हणून वापरते: “तुमच्याकडून काहीही विकत न घेता हा सल्ला पाळता येईल का?” उत्तर नाही असेल तर तो सल्ला नसून विक्री आहे.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा ज्या आजारांवर औषधांच्या किंवा चमत्कारी उपायांच्या इलाजाची जाहिरात करायला मनाई करतो, त्यांच्या यादीत मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत. समाजमाध्यमांवर आरोग्याचा सल्ला देणाऱ्यांनी आपली पात्रता आणि मिळालेला मोबदला उघड करावा, अशा मार्गदर्शक सूचना २०२३ मध्ये आल्या आहेत. व्हिडिओत हे दोन्ही दिसत नसेल तर पुढे पाहण्यात वेळ घालवू नये.

५. पाकिटाची मागची बाजू वाचा

पुढची बाजू जाहिरात असते. मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटात पहिले नाव मैद्याचे आणि दुसरे-तिसरे साखर आणि पाम तेलाचे असेल, तर नाचणी शेवटी दोन टक्के असून काही बदलत नाही. ‘शुगर फ्री’ म्हणजे कॅलरी फ्री नव्हे. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण येते, आणि दिवसाला एकूण पाच ग्रॅम मीठ ही मर्यादा लक्षात ठेवली की शेव-पापडाच्या पाकिटाकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते. तुलना नेहमी दर १०० ग्रॅममागे करा, कारण ‘एका सर्व्हिंग’चे माप कंपनी ठरवते आणि आपण त्याच्या दुप्पट खातो.

६. सल्ला स्वतःच्या ताटाशी ताडून पाहा

इथे मोजमापाला एक पक्का आधार उपलब्ध आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढते. मे २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत १७ सूचना आहेत आणि दिवसभराच्या ताटाचा एक नमुना आहे. २००० कॅलरींच्या त्या ताटात तृणधान्ये आणि भरड धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलीटर, शेंगदाणे-तीळ-बदाम यांसारख्या बिया आणि कठीण कवचाची फळे ३५ ग्रॅम, आणि तेल-तूप २७ ग्रॅम. वजने कच्च्या पदार्थांची आहेत.

एक दिवस हे सगळे काट्यावर मोजून टेबलावर मांडा. मी मांडले तेव्हा चारशे ग्रॅम भाजीचा ढीग पाहून थबकले, कारण आमच्याकडे चौघांत मिळून अर्धा किलो भाजी व्हायची. आपल्या ताटात डावीकडे कोशिंबीर आणि चटणी, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भात आणि पोळी. मांडणी उत्तम आहे, प्रमाण मात्र मध्यभागाकडे झुकलेले असते. भाजी तोंडीलावणे म्हणून खाल्ली जाते. मी ताटाची मांडणी तीच ठेवली, कोशिंबिरीचा चमचा मोठा केला, एका पोळीच्या जागी मटकीची उसळ वाढवली आणि आमटी वाटीच्या तळाशी डाळ दिसेल इतकी दाट केली. घरात कोणालाही वेगळे शिजवावे लागले नाही. कोणताही सल्ला इथेच परखून घ्यावा: तो घरातल्या सर्वांबरोबर एकाच पंगतीत बसून, सणावारांसह, पाच वर्षे पाळता येईल का? ॲव्होकॅडो आणि बदामाचे पीठ लागणारा आहार आपल्या बाजारपेठेत आणि खिशात किती दिवस टिकेल, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे.

तेलासाठी एक सोपी युक्ती आहे. नवा डबा उघडला की त्यावर मार्करने तारीख लिहा. आमच्या चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा २६ दिवसांत संपत होता. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम, म्हणजे माणशी दिवसाला जवळजवळ ४४ ग्रॅम. फोडणीसाठी पळीऐवजी चमचा वापरायला लागल्यावर आणि तळण आठवड्यातून एकदाच करायचे ठरवल्यावर चौथ्या महिन्यात तोच डबा ३८ दिवस पुरला. म्हणजे माणशी तीस ग्रॅम. हा बदल कोणत्याही डाएटच्या नावाखाली झाला नाही आणि आजही टिकून आहे.

आपल्या घरांतले काही सापळे इथेच सांगते. गुळात साखरेइतक्याच कॅलरी असतात, त्यामुळे मधुमेही माणसाने ‘गूळ चालतो’ म्हणून दोन कप चहा अधिक घेऊ नये. एकादशी आणि दुप्पट खाशी हे तर सर्वांना ठाऊक आहे: साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो आणि खिचडीत तूप-दाणे भरपूर पडतात, म्हणून उपवास हा वजन कमी करण्याचा उपाय समजू नये. उपवास करायचाच असेल तर भगर, दही, काकडी आणि फळे यांचा विचार करावा.

आणि ‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल’ हा सापळा सर्वांत घातक आहे. दुधी कडू निघाला तर त्यात कुकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. त्याचा रस प्यायल्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने याबद्दल स्पष्ट इशारा दिलेला आहे. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखावा, किंचितही कडू लागला तर पूर्ण दुधी फेकून द्यावा, तो दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नये. प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटदुखी सुरू झाली तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे. आई जो रस पाच दिवस पीत होती तो तिने एकदाही चाखून पाहिला नव्हता, हे आठवले की आजही माझा जीव वरखाली होतो.

७. एका वेळी एकच बदल, आणि तीन महिने मोजणी

तपासणीतून पार पडलेला सल्ला सुरू करताना एकदम सगळे बदलू नका. आधी डॉक्टरांना सांगा, औषधांत फेर हवा का ते विचारा, आणि एक बदल घेऊन तो वहीत नोंदवा. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर. कमरेचा घेर महिन्यातून एकदा. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, म्हणून तो दर पंधरवड्याला तपासण्यात पैसे घालवू नयेत, तीन महिन्यांनी तपासावा.

चक्कर येणे, छातीत धडधड, घाम फुटून हात थरथरणे, पाळी चुकणे, केस मूठभर गळणे, सतत खाण्याचेच विचार मनात येणे, यांपैकी काही दिसले तर ‘शरीर शुद्ध होताना असे होते’ या समजुतीवर विश्वास न ठेवता डाएट थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. थरथर आणि घाम असेल, माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

घरातल्या ज्येष्ठांशी बोलताना त्यांच्या मेसेजची टर उडवू नये. आईने तो रस प्यायला, कारण वीस वर्षे गोळ्या घेऊन ती कंटाळली होती आणि त्या मेसेजने तिला आशा दिली होती. आम्ही फ्रिजवर एक कागद लावला आहे: ‘कोणासाठी? पुरावा काय? विकतात काय? गोळीबरोबर चालेल का?’ नवा मेसेज आला की ती त्याखाली लिहून ठेवते आणि पुढच्या भेटीत कागद घेऊन जाते.

८. फसवणूक झाली असेल तर तक्रार करा

संकोचाने गप्प बसणारी माणसे फार आहेत, मीही होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे आणि खाद्यपदार्थाबद्दल अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे ऑनलाइन तक्रार नोंदवता येते. त्यासाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह, खरेदीची पावती, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि पाकिटावरचा १४ अंकी परवाना क्रमांक आधी जमवून ठेवा. काही त्रास झाला असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेला केसपेपरही त्यासोबत जोडा, आणि उरलेली पावडर तक्रार निकाली निघेपर्यंत डब्यासकट जपून ठेवा.